पायी येईल तो शत्रू

नमस्कार श्रोतेहो.

गावाने स्वतःच्या राखणीसाठी उभी केलेली सशस्त्र दलं आणि वर्षानुवर्षं रेंगाळणारी युद्धं, हा आजचा विषय आहे. त्यासाठी तुम्हाला पेरूला नेणार आहे. दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वताचा पेरू. आपल्या उपासाच्या ताटातला बटाटा मूळचा तिथला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही दक्षिण अमेरिकेतला आणि शेंगदाणाही तिकडचाच. म्हणजे एकादशीची खिचडी जवळजवळ सगळीच्या सगळी साता समुद्रापलीकडून आलेली. तरीही उपासाला टोमॅटो चालत नाही म्हणून भांडणारी मंडळी घरोघरी आहेत, पण त्यांचा समाचार पुन्हा कधीतरी. आज वेळ थोडा आहे.

एक प्रश्न मनात धरून ठेवा. गावात अनोळखी माणूस आला, तर तो पाहुणा की शत्रू, हे कोण ठरवतं?

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. पेरूच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात आयाकूचो नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात आबिमाएल गुस्मान हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी माओवादी पक्ष बांधला, सेंदेरो लुमिनोसो. इंग्रजी वर्तमानपत्रांतून आपण त्याला 'शायनिंग पाथ' म्हणून ओळखतो. १७ मे १९८० ला चुस्ची या गावात या लोकांनी मतपेट्या जाळल्या आणि सशस्त्र लढा सुरू केला. पुढची वीस वर्षं किती माणसं गेली? पेरूच्या सत्य आणि समेट आयोगाने २००३ साली अंदाज दिला तो ६९,२८० जणांचा. त्यांतले दर चारांमागे तीन क्वेचुआ किंवा दुसरी एखादी मूळ भाषा बोलणारे होते. म्हणजे डोंगरातले, शेतकरी, गरीब.

सुरुवातीला अनेक गावांनी सेंदेरोला आसरा दिला होता, हे विसरू नका. गुरंचोरांना शिक्षा व्हायची, छळणाऱ्या सावकाराला जरब बसायची. लोकांना बरं वाटलं. मग बिनसलं कुठे? आठवडी बाजारावर! सेंदेरोने बाजार बंद पाडले. शेतकऱ्याने आपल्यापुरतंच पिकवायचं, शहराला काही विकायचं नाही, असं त्यांचं फर्मान होतं. आता समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंचीवर राहणाऱ्या माणसाने मीठ आणायचं कुठून? रॉकेल कुठून? काड्यापेटी कुठून? त्यात भर म्हणजे गावच्या वडीलधाऱ्या पंचांना चावडीपुढे उभं करून मारायला सुरुवात केली आणि पोराबाळांना दलात ओढून न्यायला लागले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला मिठाचा हिशेब कळला नाही. मोठमोठी क्रांतिकारक पुस्तकं लिहिणाऱ्यांनी महिनाभर वाणसामानाची यादी करावी असं माझं जुनं मत आहे, पण ते असो.

तर गावं उठली. आणि आता जी हकीकत सांगतो ती नीट ऐका, कारण सगळा विषय तिच्यात आहे.

वांता प्रांतात उंच पठारावर वाइचाओ नावाचं गाव आहे. २१ जानेवारी १९८३ ला तिथल्या गावकऱ्यांनी सेंदेरोच्या सात जणांना ठार मारलं. बातमी राजधानी लिमापर्यंत गेली. राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो बेलाउंदे यांनी गावकऱ्यांच्या शौर्याची जाहीर तारीफ केली. आयाकूचोचे लष्करी प्रमुख जनरल क्लेमेंते नोएल यांनीही केली. अधिकाऱ्यांनी शाबासकी दिली, ती शेजारच्या सगळ्या गावांनी ऐकली. मारलं तर सरकार रागावत नाही, उलट पाठ थोपटतं, हे कळलं.

पत्रकारांना मात्र शंका आली. खरंच गावकऱ्यांनी मारले, की पोलिसांनी मारून गावकऱ्यांच्या नावावर खपवलं? ते पाहायला आठ पत्रकार निघाले. लिमाच्या वर्तमानपत्रांतले आणि आयाकूचोतले स्थानिक मिळून आठ. २६ जानेवारीच्या पहाटे एका टॅक्सीत कोंबून बसले. गाडीरस्ता तोक्तोच्या तळ्यापर्यंत. पुढे पायी.

पायी. हा शब्द लक्षात ठेवा.

वाटेत चाकाबांबा नावाची वस्ती लागते. आठांपैकी एका स्थानिक संपादकाची आई तिथे राहायची. त्याचा सावत्र भाऊ वाटाड्या म्हणून बरोबर निघाला. पत्रकारांतले एक छायाचित्रकार, होर्खे सेदानो, वयाने मोठे आणि अंगाने जाड. त्या उंचीवर त्यांना दम लागला, म्हणून त्यांना जनावरावर बसवलं. दुपार उलटून गेल्यावर ही मंडळी उचुराक्काय या गावाच्या शिवारात पोचली. वाइचाओला जायचं तर वाट या गावावरूनच होती.

आता गावाची बाजू ऐका. उचुराक्कायमध्ये चारशे-सत्तरच्या आसपास माणसं राहायची. बटाटा, मेंढरं, लामा. गावच्या प्रमुखाला महिन्याभरापूर्वीच सेंदेरोने ठार केलं होतं. वाइचाओसारखंच इथल्या लोकांनीही चारच दिवसांपूर्वी सेंदेरोच्या काही जणांना मारलं होतं. म्हणजे सूड घ्यायला ते येणार, आज येतील की उद्या, एवढाच प्रश्न होता. सगळं गाव दगड-काठ्या जवळ ठेवून बसलेलं. आणि त्याच दिवसांत पोलिसांची सिंची नावाची खास तुकडी हेलिकॉप्टरने गावात उतरून सांगून गेली होती की, आकाशातून येतील ते मित्र, पायी येतील ते शत्रू. पायी येणाऱ्याला सोडू नका.

आणि आठ माणसं पायी आली.

दगडांनी, काठ्यांनी, कुऱ्हाडींनी आठही जणांना ठार मारलं. वाटाड्या मागे फिरला होता, त्यालाही गाठून मारलं. गावातलाच एक माणूस त्यांच्या बाजूचा समजून मारला गेला. पत्रकारांना गावाबाहेर उथळ खड्ड्यांत दोन-दोन करून पालथं पुरलं. नौदलाची गस्त आली तेव्हा गावकऱ्यांनी काही लपवलं नाही. उलट पुढे होऊन सांगितलं की आम्ही आठ दहशतवादी मारले, त्यांच्याकडे लाल झेंडा होता. ३० जानेवारीला प्रेतं उकरून काढली.

इथे एक तपशील सांगायलाच हवा. त्या आठांपैकी विली रेत्तो या तरुण छायाचित्रकाराचा कॅमेरा काही महिन्यांनी जवळच्या कपारीत सापडला. फिल्म धुतल्यावर शेवटच्या क्षणांची छायाचित्रं निघाली. पत्रकार हात वर करून उभे आहेत, सामान जमिनीवर आहे, समोर गावकरी आहेत. म्हणजे बोलणं झालं होतं. पत्रकारांत क्वेचुआ बोलणारेही होते. गैरसमज भाषेचा नव्हता. आम्ही पत्रकार आहोत हे सांगून झाल्यावरही माणसं मेली, कारण येणारा कोण आहे हे ठरवायचं काम गावाच्या हातून आधीच काढून घेतलेलं होतं. ते हेलिकॉप्टरमधून आलेल्या साहेबाने ठरवून टाकलं होतं. पायी येईल तो शत्रू.

देशभर खळबळ माजली. सरकारने चौकशी आयोग नेमला, प्रमुख होते कादंबरीकार मारियो वार्गास योसा, ज्यांना पुढे २०१० साली नोबेल मिळालं. आयोग १४ फेब्रुवारीला गावात गेला. कसा गेला? हेलिकॉप्टरने. एका दिवसात परतला आणि मार्चमध्ये अहवाल दिला. त्यात गावकऱ्यांचं चित्र असं, की ही जगापासून तुटलेली, प्राचीन काळात जगणारी माणसं आहेत. पुढे वीस वर्षांनी सत्य आयोगाने ते चित्र खोडून काढलं. गावात शाळा होती, दुकानदारी होती, वांताच्या बाजारात येणं-जाणं होतं, पोरं सैन्यात नोकरी करून आली होती. घाईचे आयोग हा सगळ्याच देशांचा रोग आहे. आपल्याकडे निदान अहवाल यायला पंधरा वर्षं लागतात आणि तोवर कोणीतरी नीट विचार केलेला असतो. हे मी थट्टेने म्हणतोय, निम्मं.

खटला चालला, तीन गावकऱ्यांना शिक्षा झाली, त्यांतला एक तुरुंगातच क्षयाने गेला. लोकांना वाटतं की हकीकत इथे संपली. खरं म्हणजे गावाच्या दृष्टीने ती इथे सुरू झाली. सेंदेरो सूड घ्यायला आलाच. २० मे १९८३ ला, गावात सण चालू असताना. मग जुलैत. मग २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी. मधल्या काळात लष्करानेही संशयावरून माणसं मारली आणि शेजारच्या गावांच्या दलांनीही. सगळे मिळून उचुराक्कायची १३५ माणसं गेली. चारशे-सत्तरातली एकशे पस्तीस. १९८४ च्या मध्यापर्यंत गावात चूल पेटायची थांबली. माणसं वांता, आयाकूचो, लिमा, कुठे कुठे पांगली, आणि शहरात आपलं गाव कोणतं हे सांगायला घाबरायची, कारण त्या नावाबरोबर पत्रकारांचे मारेकरी हा शिक्का यायचा. गाव पुन्हा वसलं ते १० ऑक्टोबर १९९३ ला. नऊ वर्षांनी.

तर पहिला मुद्दा. गाव हत्यार उचलतं तेव्हा सूड गावावर येतो. सैन्य आपल्या छावणीत असतं, पोलीस ठाण्याला तटबंदी असते, गावाला काहीच नसतं. उचुराक्कायनंतर दोनच महिन्यांनी लुकानामार्का या भागात हेच झालं. तिथल्या गावकऱ्यांनी सेंदेरोचा एक स्थानिक म्होरक्या मारला, म्हणून ३ एप्रिल १९८३ ला सेंदेरोने ६९ जणांची कत्तल केली. लहान मुलंसुद्धा. पुढे गुस्मान यांनी मुलाखतीत हे उघडपणे मान्य केलं, आम्ही धडा शिकवला म्हणून.

आता ही दलं चालतात कशी, ते सांगतो. पेरूत त्यांना रोंदा म्हणतात, पहारा देणाऱ्याला रोंदेरो. गावसभा प्रमुख निवडते. रात्रीच्या पाळ्या लागतात, टेहळणीसाठी दगडी बुरूज बांधतात, शिट्टी ठरते, परवलीचा शब्द ठरतो, संध्याकाळनंतर बाहेर पडायला बंदी, दुसऱ्या गावाला जायचं तर प्रमुखाची चिठ्ठी. ऐकायला सोपं आहे. हिशेब करून पाहा. गावात चाळीस बाप्ये आहेत आणि रात्रीला आठ जण लागतात, म्हणजे दर पाचव्या रात्री पाळी. सुगीला दहा जण खाली जंगलपट्टीत मजुरीला गेले की उरले तीस, पाळी चौथ्या रात्रीच्याही आत येते. दिवसभर बटाटे काढायचे आणि थंडीत रात्रभर जागायचं, पगार शून्य. तीन-चार महिन्यांत माणूस पहाऱ्यावर झोपतो, किंवा बदली माणूस पाठवतो, किंवा पैसे भरून सुटतो. पैसे भरून सुटण्याची सोय झाली की गरिबाचीच पाळी वाढते. बहुतेक दलं शत्रूच्या गोळीआधी इथे मोडतात.

पगाराचा प्रश्न अपुरीमाक नदीच्या खोऱ्याने सोडवला. तिथे १९८४ च्या सुमारास पिचिविल्का गावापासून सुरुवात करून दलांचं जाळं उभं राहिलं, ते चिवट निघालं, सेंदेरोला त्यांनी खरोखर हुसकलं. पगारी तुकड्याही ठेवल्या. पैसा कुठून आला? कोकाच्या शेतीतून, म्हणजे कोकेनच्या व्यापारातून. रखवालदाराचा पगार कोण देतो त्यावर तो कोणाची रखवाली करतो हे ठरतं. आपल्याकडे उमाजी नाईकांच्या वेळी पुरंदरच्या रामोशांचे रखवालीचे हक्क इंग्रजांनी काढून घेतले आणि रखवालदारच बंडात उतरले. तो इतिहास आपण शौर्याचा म्हणून सांगतो, त्यातली पगाराची बाजू सांगत नाही.

हत्यारांचं सांगतो. सुरुवातीला गोफण, भाले, आणि पाण्याच्या पाइपातून गावातच ठोकलेली एकबारी बंदूक. ती बऱ्याचदा चालवणाऱ्याच्याच हातात फुटायची. १९९१ साली राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारने विंचेस्टर कंपनीच्या छर्ऱ्याच्या बंदुका वाटायला सुरुवात केली, दहा हजारांहून जास्त. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ७४१ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने या दलांना स्वसंरक्षण समित्या म्हणून कायदेशीर मान्यता मिळाली. १९९३ च्या सुमारास चार हजारांवर समित्या, दोन लाखांवर माणसं आणि बंदुका साधारण सोळा हजार. म्हणजे चौदा-पंधरा माणसांत एक बंदूक. शिवाय छर्ऱ्याच्या बंदुकीचा पल्ला जेमतेम चाळीस-पन्नास मीटर, आणि ही उघडी माळरानं. समोरच्याकडे रायफल असेल तर तो कितीतरी दुरूनच टिपतो. मग या बंदुकांचा उपयोग झाला की नाही? झाला. कारण सरकारने हातात बंदूक देणं याचा अर्थ गावाने असा घेतला की आता आपल्याला कोणी दहशतवादी म्हणणार नाही. त्याआधी सैन्यच संशयावरून मारायचं. दल काढलं नाही तर तुम्ही सेंदेरोचे, असा हिशेब होता.

यातच दुसरी गोम आहे. दल काढणारं गाव सरकारचं आणि न काढणारं शत्रूचं, असं ठरलं की कुरणाच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या दोन गावांना काय संधी मिळाली बघा. शेजारच्या गावावर बोट दाखवा, तिथे दहशतवादी आहेत म्हणून सांगा, आणि रात्री जाऊन त्यांची मेंढरं हाकून आणा. युद्ध लांबतं ते असं. वरच्या पातळीवर गुस्मान १२ सप्टेंबर १९९२ ला लिमात पकडले गेले, सेंदेरोचं कंबरडं मोडलं. खाली बांधाची भांडणं आता बंदुकीसकट चालू राहिली.

याच देशात दुसऱ्या तऱ्हेची रोंदा आहे आणि ती या सगळ्याच्या आधीची आहे. उत्तरेला काहामार्का भागात, कुयुमाल्का वस्तीत, २९ डिसेंबर १९७६ ला गावकऱ्यांनी गुरंचोरांविरुद्ध रात्रीचा पहारा सुरू केला. काठ्या, चाबूक, बॅटऱ्या. चोर सापडला की गावसभेपुढे रात्रभर चौकशी. शिक्षा काय? दिवसा गावाचं काम करायचं आणि रात्री गावकऱ्यांबरोबर पहाऱ्यावर फिरायचं, मग पुढच्या गावाच्या स्वाधीन, तिथेही तेच. चाबूक चालायचा, अतिरेकही व्हायचे, ते काही रामराज्य नव्हतं. पण सेंदेरोला त्या भागात आयाकूचोसारखं पाय रोवता आलं नाही. कारण चोर कोण, पाहुणा कोण, हे तिथे गावसभा ठरवत होती, आणि चुकली तर सकाळी त्याच माणसाच्या तोंडाकडे बघायचं होतं.

आपल्या गडचिरोलीच्या सीमेला लागून, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडच्या बिजापूर आणि दंतेवाड्यात २००५ साली सलवा जुडूम ही नक्षलवाद्यांविरुद्धची मोहीम सुरू झाली, ती तुमच्या लक्षात असेल. काँग्रेसचे नेते महेंद्र कर्मा यांचं नाव त्यामागे होतं. गावं उठवून माणसं रस्त्याकडेच्या छावण्यांत आणली, आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी करून बंदुका दिल्या, मानधन वाढत वाढत महिना तीन हजार. परिणाम? छावणीत न आलेलं गाव नक्षलवाद्यांचं, छावणीतलं गाव पोलिसांचं. दोन्हीकडून माणसं मेली, हजारो कुटुंबं आंध्रात पळाली. जुलै २००६ मध्ये एर्राबोरच्या छावणीवर नक्षलवाद्यांनी हल्ला करून तीसच्या आसपास माणसं मारली. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने अशी पोरं लढाईत वापरणं घटनाबाह्य ठरवलं. राज्य सरकारने लगेच वेगळ्या नावाचं सहाय्यक दल कायद्याने उभं केलं आणि बरीचशी तीच पोरं त्यात गेली. कर्मा २५ मे २०१३ ला झीरम घाटीच्या हल्ल्यात मारले गेले.

गावकऱ्यांना द्या बंदुका म्हणजे प्रश्न मिटेल, असं दर मोठ्या हल्ल्यानंतर कोणीतरी शहरात बसून लिहितो. त्याला माझा एकच उलटा प्रश्न असतो, बंदुका परत कोण गोळा करणार आणि कधी? पेरूला अजून जमलेलं नाही. अपुरीमाक आणि एने नद्यांच्या खोऱ्यात सेंदेरोचा उरलेला एक गट आजही कोकाच्या आधाराने टिकून आहे. २३ मे २०२१ ला तिथे सान मिगेल देल एने या वस्तीत १६ जणांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी पेरूच्या संसदेने स्वसंरक्षण समित्यांना नव्या कायद्याने पुन्हा मान्यता दिली, फुजिमोरींच्या हुकूमनाम्यानंतर एकतीस वर्षांनी.

नमस्कार.